गैरहजरांची नावं

पान चौतीसवर शुक्रीचा हात होता. ठाण्यातल्या ऑफिसच्या पाचव्या मजल्यावर, दुपारी साडेतीनला, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात आराखड्याच्या मसुद्याची ताजी छापील प्रत घेऊन लतिका उभ्याउभ्याच पानं उलटत होती. पानांना अजून प्रेसची ऊब होती. फोटोतला हात खांद्याच्या वर उचललेला, पाची बोटं पसरलेली, मनगटात पिवळ्या प्लास्टिकच्या दोन बांगड्या. मागे बॅनरचं अर्धं अक्षर. आणि खाली तिरक्या टायपात एक ओळ : ‘आराखड्यास हात उंचावून संमती देताना झरी येथील महिला शेतकरी.’ लतिकाने ओळ पुन्हा वाचली. कप ठेवताना टेबलाच्या कडेला लागला आणि थोडा चहा सांडला, एवढंच झालं. कुणी मानसुद्धा वर केली नाही. पण अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली एकदम जमीनच लागावी, तसा तिच्या सगळ्या अंगाला एक बारीकसा हिसका बसला.

कारण तो हात संमतीचा नव्हता. तो क्षण तिला ठाऊक होता; ती शुक्रीच्या शेजारीच माईक धरून उभी होती. डिसेंबरातली ती सभा, तलासरीतलं ते लांबट सभागृह, पंख्यांना बांधलेल्या पताका. ‘तालुका शाश्वत शेती व ग्रामविकास आराखडा – भागधारकांशी संवाद.’ डहाणूचे चिकूबागायतदार पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत, मग खात्यांचे लोक, मग बचतगटाच्या बायका, मग मच्छीमार सोसायटीचे दोघे, आणि भिंतीला टेकून पाड्यांवरची माणसं. प्रत्येकाच्या छातीला ‘भागधारक’ लिहिलेला बिल्ला. शुक्रीला तो कुठं लावायचा ते कळलं नव्हतं, तिनं तो लुगड्याच्या गाठीला लावला होता. झरीच्या वरच्या पाड्याची सामूहिक हक्काची चाळीस एकर माळजमीन; तिच्यावर काजू आणि कलमी आंबा लावायचा, सगळीकडून कुंपण घालायचं आणि तीन वर्षं आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं ठरत होतं. कुणाला काही बोलायचंय का, असं विचारल्यावर शुक्री उठली आणि बोलायला लागली. वारली बोलीत, न थांबता, दहा-बारा मिनिटं. मध्येच तिनं हात वर केला. उत्तरेकडे, हायवेच्या पलीकडे, गुजरातच्या दिशेला. तिकडे गेलेल्या माणसांची ती नावं घेत होती.

आणि लतिका, जिला हे सगळं मराठीत सांगायला आणि मग इतिवृत्तात लिहायला नेमलं होतं, ती म्हणाली होती, “त्यांचं म्हणणं आहे, सगळ्यांना विचारून करा.”

तिनं खणातून डिसेंबरची वही काढली. ‘शुक्री, झरी, वरचा पाडा’ असं लिहिलेलं होतं. खाली : ‘हाल्या (मुलगा) – बोटीवर. रूपी. लडक्या.’ आणि मग पेन नुसतंच पुढं गेलं होतं, एक लांब नागमोडी रेघ ओढत, जशी फोनवर बोलताना माणसं ओढतात. त्या रेघेवर ती बोट फिरवत बसली. शुक्रीचा आवाज तिला आठवत होता. त्याची चाल आठवत होती : नाव, मग थोडं थांबणं, मग त्या माणसाचं माळावर काय काय आहे ते, मग पुढचं नाव. पण नावं आठवत नव्हती. लांबच्या पाड्यावरचं तारप्याचं वाजणं वाऱ्यावर येतं तसं सगळं येत होतं, सूर कळायचा आणि बोल नाही. तेव्हा मागच्या दाराने पुऱ्यांचा वास आला होता, हे मात्र स्वच्छ आठवलं. मनिष सरांनी लांबून मनगटावर बोट टेकवलं होतं. घड्याळ. बागायतदारांच्या खुर्च्या करकरायला लागल्या होत्या. आणि तिलाही, खरं सांगायचं तर, कंटाळा आला होता.

मनिष सर केबिनमध्येच होते. तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, कामसू माणूस; या आराखड्यासाठी वर्षभर तो झोपेतसुद्धा तालुके फिरत होता.

“सर, चौतीसवरचा फोटो चुकलाय.”

“उलट मस्त आलाय. काय चुकलंय?”

“खालची ओळ. ती हो म्हणत नव्हती.”

“मग नाही म्हणत होती?”

ते लतिकेला सांगता येत नव्हतं.

“तुझंच इतिवृत्त आहे, लतिका. सर्वांशी विचारविनिमय करून पुढे जावे. म्हणजे होच झालं ना?” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “हे बघ, शुक्रवारी तलासरीत शेवटची बैठक आहे. आता एका ओळीसाठी मसुदा उघडला तर मार्चची मुदत जाईल. मुदत गेली की आख्खा तालुका निधीच्या यादीतून बाहेर. तुझ्या त्या बाईला ते चालेल का, विचार.”

त्याचं खोटं नव्हतं. तेच अवघड होतं. जिना उतरून ती रस्त्यावर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं, उड्डाणपुलावरून गाड्या एकसारख्या वाहत होत्या, आणि तिला एकाएकी वाटलं, आपण फार वर्षं असंच करत आलो. लांबलचक काहीतरी ऐकायचं आणि त्याचं एक वाक्य करायचं. आई झरीच्या शाळेत मास्तरीण होती. डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समधून पहाटे निघायची आणि सांभाळायला कुणी नाही म्हणून तीन वर्षांच्या लतिकेला बरोबर न्यायची. लतिका वर्गातल्या बाकाखाली झोपायची, पोरींबरोबर माळावर हिंडायची, ओंजळीत मोहाची फुलं घेऊन परत यायची. ती बोली तिला शिकावी लागलीच नाही. ती पाण्यासारखी अंगावरून वाहत आत गेली. एकदा जेवताना तिनं वडलांना काहीतरी विचारलं, ‘बाबा, तू कठं गेलतास?’ आणि आईने हातातली पळी तशीच खाली ठेवून तिच्या गालावर मारलं. जोरात नाही. ‘घरात ती भाषा नको,’ आई म्हणाली, आणि मग स्वतःच रडली. चांगली बाई होती, तीस वर्षांत एक दिवस शाळा बुडवली नाही. वर्गात एखादा पोर आपली गाय कशी हरवली, ती नदीपलीकडे कशी सापडली, तिला कोणी बांधून ठेवलं होतं हे सगळं हातवारे करून सांगायचा. आई प्रेमाने ऐकायची आणि फळ्यावर लिहायची, ‘गाय चरते.’ पोरं ते मोठ्याने वाचायची. गाय चरते. लतिकाही वाचायची. सिग्नल सुटला, माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, आणि ती तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. हायवेवर खिडकीतून येणारा वारा गरमही नव्हता आणि गारही नव्हता. डोळे मिटले की शुक्रीचा आवाज, उघडले की ट्रक. चारोटीला बस थांबली तेव्हा मागच्या सीटवरची दोघं मराठीत भांडत होती, सुटली तेव्हा तीच दोघं गुजरातीत हसत होती. मध्ये केव्हा बदललं कळलं नाही. आपल्यालाच असं बदलता येत नाही, तिला वाटलं. आपण एक भाषा सोडली आणि दुसरीत राहायला गेलो. तलासरीला उतरून ती झरीच्या जीपमध्ये बसली. शाळेची नवी इमारत मागे गेली. जुनी कुठं होती ते तिला ओळखू आलं नाही. वरच्या पाड्याची चढण ती चालत चढली. पाडा शांत होता. कुडाच्या घरांची दारं काथ्याने बांधून ठेवलेली, एका अंगणात उपडी पडलेली खाट, एका ओट्यावर एक म्हातारा उन्हात डुलक्या घेणारा. जणू सगळ्यांनी मिळून एक स्वप्न बघायला घेतलं होतं आणि बघता बघता त्यातच निघून गेले होते. शुक्री कुठं आहे म्हणून विचारल्यावर म्हाताऱ्याने हनुवटीने वरचा माळ दाखवला.

भातरोपाच्या वाफ्यावर भाजायला फांद्या आणि पाला पसरतात, तो राब शुक्री रचत होती. तिनं पाठ सरळ केली आणि लतिकेला खालपासून वरपर्यंत हेरलं.

“मास्तरीणीची पोर ना तू? म्यां तवाच वळखलं, सभेत.”

“मग बोलली का नाहीस, शुक्रीबाय?”

“तू बोलली नाय. मंग मी कशाला?”

लतिका बांधावर बसली. येताना जुळवलेली सगळी वाक्यं कुठंतरी चारोटीच्या आसपास राहून गेली होती. तिनं पिशवीतून ते पान काढून दाखवलं. शुक्रीने फोटोवर हात फिरवला, बांगड्या बघून हसली आणि खाली काय लिहिलंय ते विचारलं. लतिकेने सांगितलं. शुक्रीचं हसणं लगेच गेलं नाही. ते हळूहळू विझलं.

“माना तवाच कायतरी वाटलं व्हतं,” ती म्हणाली. “मी येवढी बोलली. पार घसा सुकला माना. न तू येवढंच बोललीस.” तिनं करंगळीचं टोक दाखवलं. “माना वाटलं, तुमची बोली आखूड आसंल.”

टोमणा नव्हता तो. शुक्रीला खरंच तसं वाटलं होतं, आणि दोन महिने तिनं ते मान्य करून टाकलं होतं. खाली दरीत कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“परत सांग,” लतिका म्हणाली. “सगळं. मी लिहिते.”

“बसून कोन सांगल? माना काम हाय.”

मग लतिकाही उठली आणि पाला ओढू लागली, आणि नावं कामाच्या अंगाने येऊ लागली. हाल्या, शुक्रीचा लेक, वेरावळला बोटीवर; त्याच्या बापाने खालच्या अंगाची वरई पहिल्यांदा पेरली. रूपी आणि तिचा नवरा लडक्या, वापीच्या पुढं वीटभट्टीवर. माळाच्या कडेचे दोन मोह रूपीच्या माहेरचे, ते तिला लग्नात दिलेले. बारकीच्या शेळ्या, बारकीचं गवत. काळ्या उंबरगावच्या कंपनीत, पण त्याच्या घरातली नागली अजून इथंच पिकते. सुक्याचे ताड. लतिका दोन फांद्या टाकायची, मग मांडीवर वही घेऊन लिहायची, मग पुन्हा दोन फांद्या. एका नावाचं काय लिहावं ते शुक्रीने दोनदा बदललं. ऊन उतरलं तेव्हा एकवीस माणसं वहीत होती आणि लतिकेच्या हातांना खाज सुटली होती.

“म्हणजे तुला काजू नकोय,” ती म्हणाली.

“परत आखूड केलंस.” शुक्री वैतागली. “काजू वंगाळ नाय. मी लावा म्हनत नाय, नको लावा म्हनत नाय. ही मानसं होळीला येतील. होळीला मानूस येनारच. तवा इचारा. येवढंच मी म्हनतां. न येवढंच सांगाया माना येवढा येळ लागला.”

शुक्रवारी बैठकीला सगळे पुन्हा जमले; बिल्ले नव्हते या वेळी, नुसता चहा. कृषी खात्याचे साहेब पानामागून पान मंजूर करत होते. झरीचं पान आलं तेव्हा लतिका उभी राहिली. मनिषने तिच्याकडे बघितलं आणि मग समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिला.

“साहेब, इतिवृत्तात दुरुस्ती आहे. डिसेंबरमध्ये मी एक वाक्य सांगितलं होतं. प्रत्यक्षात एवढं होतं.” आणि ती वाचू लागली. सातव्या-आठव्या नावापासून तिला जाणवलं, की आपण शुक्रीच्याच चालीवर वाचतो आहोत. नाव, थांबणं, माळावरचं त्याचं काय काय, पुढचं नाव. कुणीतरी खाकरलं. पण एकवीस होईपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

“हे तेव्हाच का नाही सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

बरीच उत्तरं होती. वेळ कमी होता, बोली अवघड होती, आवाज नीट येत नव्हता.

“कंटाळा आला होता,” लतिका म्हणाली. “जेवण वाढत होते. मी एका वाक्यात उरकलं.”

पहिल्या रांगेतले एक वयस्कर बागायतदार मागे वळून म्हणाले, “बेन बरोबर बोलतात, साहेब. चिकू तोडायला आमच्याकडे हीच माणसं. होळीला एक जण थांबत नाही बागेत. विचारायचं तर तेव्हाच विचारा.” साहेबांनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं. मग झरीचं पान बाजूला ठेवलं. बाकीचा तालुका मंजूर, झरीचा निर्णय होळीनंतर ग्रामसभेत, मुदतीच्या आत. तसा शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

परतताना चारोटीला मनिषने चहा घेतला, तिच्यासाठीही सांगितला. “तुझा करार एकतीस मार्चला संपतो, पुढचं माझ्या हातात नाही,” तो कपात बघत म्हणाला. “आज तू सगळ्यांसमोर जे बोललीस ना, उरकलं म्हणून... मीही किती वेळा उरकलंय, मोजत होतो.” चहा खूप गोड होता. लतिकेने तो सगळा प्यायला.

होळीनंतर पाचव्या दिवशी सभा माळावरच भरली, मोहाखाली. फुलं टपटप पडत होती, माणसांच्या केसांत, खात्याच्या फायलीवर. त्या गोडसर, किंचित आंबूस वासाने लतिकेला गुंगी आल्यासारखं वाटत होतं. वहीतली माणसं एकेक करून चढण चढून येत होती. रूपी तिच्या कल्पनेपेक्षा कितीतरी तरुण निघाली. काळ्याचा एक हात बँडेजमध्ये होता. हाल्या खाऱ्या वाऱ्याने रापलेला, आईसारखाच रुंद कपाळाचा. लतिका प्रत्येकाला मनात नावाने ओळखत होती आणि तिला एक वेडा आनंद होत होता, जणू ही सगळी तिनंच परत आणली होती.

मग हाल्या उभा राहिला.

“आये, तू नागली नागली करतंस,” तो म्हणाला. “खायाला अठं कोन ऱ्हायलंय? आठ महिनं मी पान्यात. काजू लागला तर बोट सोडीन मी. चाळीसच्या चाळीस एकर लावा.”

लतिकेच्या हातातलं पेन थांबलं. ही नावं घेऊन ती सभेत उभी राहिली तेव्हा कुणी न सांगता तिनं त्या सगळ्यांना शुक्रीच्या बाजूला बसवून टाकलं होतं. म्हणजे पुन्हा तेच. एकवीस माणसांचं एक वाक्य. शुक्रीने तर असं कधीच म्हटलं नव्हतं. तिनं शुक्रीकडे पाहिलं. शुक्री लेकाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या खाली काहीतरी तहानेल्यासारखं; आठ महिन्यांनी तो एवढं लांबलचक बोलत होता.

लडक्या हाल्याच्या बाजूने होता, त्याचीच बायको रूपी विरुद्ध. “कुंपन घाला, मंग माझी फुलं काय बोका येचल?” ती ओरडली आणि सगळे हसले. बारकी गवताचं बोलली आणि बोलता बोलता रडली. काळ्या म्हणाला, खालची जमीन खोल आहे, वरची नाही, झाडं खालीच जगतील. साहेब अधूनमधून विचारायचे, “काय म्हणतात?” आणि लतिका सांगायची, जेवढं होतं तेवढं; लोक तिच्यासाठी थांबू लागले, चुकलं तर मध्येच तोडून दुरुस्त करू लागले. सावली मोहाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. शेवटी ठरलं : खालची पंचवीस एकर काजूला, वरची पंधरा नागली-वरईला तशीच, कुंपणाला दोन वाटा, शेळ्यांना आणि फुलं वेचणाऱ्यांना. एकवीस जणांत प्रत्येकाला काही मिळालं आणि प्रत्येकाचं काही गेलं. शुक्रीची वरईची पट्टी खालच्या पंचवीसमध्ये गेली. ती उठली, लुगड्यावरची फुलं झटकली आणि कुणाशी न बोलता उतार उतरून निघून गेली. लतिकेला तिच्या मागे जावंसं वाटलं. पण साहेब ठराव लिहायला थांबले होते, आणि ठराव लिहायचा होता. तिनं पावणेचार पानं लिहिली.

करार वाढवला गेला नाही आणि एप्रिलपासून तिला काम नव्हतं. ठाण्याच्या खोलीत दुपारी पडून ती छताकडे बघायची. घाबरायला हवं असं तिला वाटायचं, आणि घाबरणं यायचं नाही. मेच्या शेवटी, बोटी बंद होऊन माणसं परतली तेव्हा, काजूसाठी खड्डे खणणं सुरू झाल्याचं तिला कळलं. ती गेली. का, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. माळ उन्हाने तापून पिवळा पडला होता. हाल्याने दोरी लावून सात-सात मीटरवर चुन्याच्या खुणा टाकल्या होत्या. सरळ, देखणी रांग. मायलेक होळीपासून कामापुरतं बोलत होते, असं रूपीने तिला चढणीवरच सांगितलं.

शुक्री पहार घेऊन आली तेव्हा उन्हं वर आली होती. कुणाकडे न बघता ती आपल्या जुन्या पट्टीवर चालत गेली, तिसऱ्या खुणेपाशी थांबली आणि तिनं पहार हाणली. ठण्ण आवाज आला.

“अठं खडक हाय,” ती म्हणाली. “तुझा बाप पन अठंच फसला व्हता.” दोन पावलं डावीकडे सरून तिनं टाचेने माती दाबली. “हेर. अठं खन.”

हाल्याने आपल्या रांगेकडे पाहिलं. “वाकडी व्हईल, आये.”

“व्हऊ दे. झाड लावतंस का रेघ?”

हाल्याने जुन्या खुणेवरचा चुना पायाने पुसला, आईच्या हातातून पहार घेतली आणि तिनं दाखवलं तिथं हाणली. आवाज आला नाही. पहार वीतभर आत गेली. दुसऱ्या घावाला लालसर माती निघाली. शुक्री उकिडवी बसून ती हाताने बाजूला ओढू लागली, आणि ओढता ओढता तिचं लक्ष लतिकेकडे गेलं.

“तू उभी काय? घमेलं घे.”

लतिकेने चपला काढून बांधावर ठेवल्या. माती पायांना चटका देणारी होती. तिनं घमेलं घेतलं.